आफ्रिकेच्या वर्षावनातले प्राणी : सगळे बुटकेच का?

सायाळ (धागाकर्ता)

भाचा चौथीत आहे. शाळेने प्रकल्प दिलाय, 'जंगलातील प्राणी'. पठ्ठ्याने काँगोचं जंगल निवडलं, चार्टपेपरवर वेली, पाऊस, उंच झाडं सगळं झकास काढलं आणि मग त्यात सिंह, झेब्रा, जिराफ आणि गेंडा आणून उभे केले. मी म्हटलं, अरे, यातलं एकही जनावर तिथे राहत नाही. तर म्हणतो, "मामा, जंगलाचा राजा जंगलात नाही तर कुठे असणार?"

आता याला काय सांगायचं! सिंह माळरानाचा प्राणी. टीव्हीवर दिसणारी आफ्रिका म्हणजे सेरेंगेटी आणि मसाई मारा, सगळं गवत. विषुववृत्ताजवळचं सदाहरित जंगल ही निराळीच दुनिया आहे. कॅमेरून, गॅबन, विषुववृत्तीय गिनी, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि दोन्ही काँगो एवढ्या देशांत पसरलेलं. अॅमेझॉनखालोखाल मोठं. शिवाय पश्चिमेला लायबेरिया-आयव्हरी कोस्टकडे एक वेगळा तुकडा. मध्ये टोगो-बेनिनचा कोरडा पट्टा आडवा आलाय.

भाच्यासाठी यादी करायला बसलो आणि एक गंमत लक्षात आली. गवताळ प्रदेशातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या जनावराची इथे एक 'जंगल-आवृत्ती' आहे, आणि ती बहुतेक वेळा छोटी असते. तिकडचा काळा केप रेडा आठशे किलोपर्यंत जातो, इकडचा तांबूस वनरेडा तीनशेच्या आसपास. तिकडचा पाणघोडा दीड टनाचा, इकडचा खुजा पाणघोडा जेमतेम १८० ते २७५ किलो (२०२४ मध्ये थायलंडमधल्या मू डेंग नावाच्या पिल्लाने सगळ्या जगाला वेड लावलं होतं, तीच जात). वनहत्तीही माळावरच्या हत्तीपेक्षा बुटका. त्याचे कान गोलसर आणि सुळे वर न वळता सरळ जमिनीकडे उतरलेले. जिराफाच्या जागी ओकापी, त्याचाच आखूड मानेचा, पायांवर पट्टे असलेला नातलग.

आकाराइतकीच ठेवणही सारखी. ड्यूकर नावाची छोटी हरणं आहेत, त्यांचा मागचा भाग उंच, डोकं खाली, शिंगं आखूड आणि मागे झुकलेली. म्हणजे पाचरीसारखं शरीर. झुडपात मुंडी घातली की सरळ आत! ड्यूकर या शब्दाचा अर्थच मुळी आफ्रिकान्स भाषेत 'बुडी मारणारा' असा आहे. बोंगो हा मोठा चट्टेरीपट्टेरी मृग पळताना शिंगं पाठीवर टेकवतो, त्यामुळे म्हाताऱ्या बोंगोंच्या पाठीवर केस झिजून टक्कल पडलेलं असतं.

माझा अंदाज असा की दाट झाडीत फांद्याफांद्यांचं शिंगाट मिरवून चालत नाही, उंचीही नडते, आणि गवत नसल्यामुळे शेकड्यांनी कळप पोसले जात नाहीत. खाणं सगळं वर, शेंड्यावर. जमिनीवर अंधार आणि वरून गळेल तेवढी फळं. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर कान पकडावा. भाच्याला सोमवारी चार्ट द्यायचाय.

निळाई

मस्त विषय. पण ओकापीला जिराफाची 'आवृत्ती' म्हणू नका हो. उलट आहे. जिराफकुळातल्या जुन्या प्राण्यांच्या माना आखूडच असत, जिराफाची नंतर लांबली. त्यामुळे कोण कुणाची आवृत्ती ते तुम्हीच बघा.

ओकापी कसा सापडला ती गोष्ट भाच्याला नक्की सांगा. काँगोच्या ईशान्येला इटुरीचं जंगल आहे. तिथले म्बुटी लोक या प्राण्याला पिढ्यानपिढ्या ओळखत होते, खड्डे खणून पकडत होते. स्टॅन्ली या आफ्रिका धुंडाळणाऱ्या प्रवाशाने १८९० च्या सुमारास लिहून ठेवलं की इथले लोक गाढवासारख्या कसल्याशा जनावराबद्दल बोलतात. पुढे हॅरी जॉन्स्टन हा युगांडातला इंग्रज अधिकारी त्याच्या मागे लागला. पॅरिसच्या प्रदर्शनात मांडण्यासाठी काही म्बुटींना पळवून नेत होते, त्यांना त्याने सोडवलं आणि परत पोचवता पोचवता त्यांच्याकडून माहिती काढली. स्थानिक शिपायांच्या पट्ट्यांसाठी वापरलेले कातड्याचे तुकडे त्याला मिळाले, त्यावर पांढरे-काळे पट्टे. झालं, हा जंगलातला घोडाच, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. जंगलात लोकांनी त्याला ओकापीचा माग दाखवला तेव्हा खूर दुभंगलेला बघून त्याने मानलंच नाही! घोड्याला एक खूर असतो, म्हणजे हा दुसऱ्याच कुणाचा माग.

ते तुकडे लंडनला गेले आणि १९०१ मध्ये स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने त्याला घोड्याच्या वंशात घालून 'इक्वस जॉन्स्टोनी' असं नाव दिलं. त्याच वर्षी कवटी आणि पूर्ण कातडं हाती आलं. दात बघितले, खूर बघितले, आणि घोडा बदलून जिराफ झाला. लँकेस्टर या दुसऱ्या प्राणिशास्त्रज्ञाने 'ओकापिया' हा स्वतंत्र वंश केला.

जीभ इतकी लांब की स्वतःचे कान चाटतो. मादी नरापेक्षा मोठी. आणि पिल्लू जन्मल्यावर महिना-दीड महिना शी करत नाही! ते झुडपात एकटं लपून बसतं, वास सुटला तर बिबट्या येईल. आई आणि पिल्लू एकमेकांशी इतक्या खालच्या आवाजात बोलतात की आपल्याला ऐकूही येत नाही.

शंकासुर

आलो आहे. नावाला जागून एक-दोन शंका.

१. बुटके म्हणता, मग गोरिला? जगातला सर्वात जड वानर याच जंगलात. मँड्रिल हे सर्वात मोठं माकड, तेही इथेच. रानडुकरांत सर्वात दांडगं म्हणजे आफ्रिकेचं महाकाय वनडुक्कर, पावणेतीनशे किलोपर्यंत. माळावरचं वॉर्टहॉग त्याच्यापुढे पिल्लू. आणि तुमचा बोंगोच चारशे किलोपर्यंत जातो, तो कुठे बुटका?

२. कळप नसतात म्हणता. गॅबनच्या लोपे अभयारण्यात मँड्रिलचे सहाशेच्या वर, काही वेळा आठशेपर्यंत जमाव मोजले आहेत.

तेव्हा शीर्षक बदला.

सायाळ

शंकासुर, शीर्षकात प्रश्नचिन्ह आहे ना, ते तुमच्यासाठीच ठेवलं होतं :)

वनडुकराचं मान्य. ते १९०४ पर्यंत शास्त्रज्ञांना माहीत नव्हतं, एवढं मोठं धूड असून! गोरिला-मँड्रिलचं मात्र पटत नाही. त्यांच्या माळरानी भाऊबंदांशी तुलना कशी करणार? गोरिलाची गवताळ आवृत्ती म्हणजे फार तर आपण. बरं, नियम म्हणत नाही, कल म्हणतो. खूर असलेल्यांपुरता.

पण छोट्यांत किती छोटे ते बघा. पश्चिम आफ्रिकेतला 'रॉयल अँटिलोप' खांद्यापाशी वीतभराहून थोडा उंच, वजन अडीच-तीन किलो. आपल्या सह्याद्रीतली पिसोरी असते ना, तिची चुलत बहीण काँगोत आहे, पाणपिसोरी म्हणू. शिंगं नाहीत, नराला वरचे सुळे. बिबट्या किंवा गरुड मागे लागला की थेट ओढ्यात उडी मारते आणि पाण्याखाली चालत दम धरून राहते.

कंपालाकर

कामानिमित्त युगांडात नऊ वर्षं झाली. बायको-मुलीला घेऊन बविंडीला गोरिला बघायला दोनदा जाऊन आलो, म्हणून लिहितो.

बविंडी म्हणजे सपाट काँगोचं जंगल नव्हे, डोंगरी वर्षावन. अकराशे ते सव्वीसशे मीटर. इंग्रजीत त्याला 'अभेद्य' म्हणतात ते उगाच नाही. वाटाड्या पुढे कोयत्याने वाट करत जातो, मागे बंदूकवाला. पायाखाली जमीन नसतेच, वेलींची गादी असते, त्यात मांडीपर्यंत पाय जातो. खाजकुईसारखी झुडपं पँटमधूनही चावतात. आपल्याकडे पावसात हरिश्चंद्रगड चढलेला माणूस टिकेल, पण गुर्मी उतरेल.

माग काढणारे पहाटेच पुढे गेलेले असतात. ते आदल्या रात्रीची घरटी शोधतात. गोरिला रोज संध्याकाळी नवीन पालापाचोळ्याचा बिछाना करतो, तिथून पुढे माग. एका कुटुंबाला दिवसात आठच माणसं, आणि भेट एक तास. मास्क लावावा लागतो, कारण आपली सर्दी त्यांना होते. परवाना महाग आहे, तो आकडा बायकोला माहेरी सांगू दिला नव्हता.

आणि दिसतात कसे? आधी वास येतो. घाम आणि धूर यांच्या मधला. मग आवाज, आणि तो छाती बडवल्याचा नसतो. दिवसभर पाला खाणाऱ्या जनावराच्या पोटाचा आवाज! माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, तिला हसू आवरेना, वाटाड्याही हसायला लागला. नंतर एका पिल्लाने छाती बडवली. तळहात वाटीसारखे करून बडवतात, मुठी नाही.

पर्वतीय गोरिलांची मोजणी २०१८-१९ मध्ये १,०६३ भरली, विरुंगा डोंगरात ६०४ आणि बविंडीकडे ४५९. गेल्या चाळीस वर्षांत संख्या वाढत गेलेला महावानर हा एकटाच असेल. परवान्याच्या पैशाचा त्यात मोठा हात आहे. पण त्या जंगलातून १९९१ मध्ये बाटवा लोकांना बाहेर काढलं, त्यांचं पिढ्यांचं घर होतं ते. आता ते कडेच्या गावांत दुसऱ्याच्या शेतावर राबतात, पर्यटकांपुढे नाच करून दाखवतात. एका म्हाताऱ्या बाटवाने मला मध काढायचं झाड दाखवलं, कुंपणाच्या या बाजूचं. त्या बाजूचं दाखवायला त्याला परवानगी नव्हती.

२०२० च्या जूनमध्ये इथला राफिकी नावाचा पाठीवर चांदी चढलेला नर मारला गेला. मारणारा गोरिलासाठी आत गेलाच नव्हता, ड्यूकर आणि रानडुक्कर मिळेल म्हणून गेला होता. कोविडमुळे पर्यटन बंद, हातात पैसा नाही. अकरा वर्षांची शिक्षा झाली त्याला.

निळाई

बाटवांचा परिच्छेद वाचून थांबले थोडी. लिहीत राहा.

माजी_किन्शासा

कंपालाकरांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून. मी काँगोत टॉवर उभारणीच्या कामावर चार वर्षं होतो. गावात बाजाराच्या दिवशी धुरावलेलं मांस रचून ठेवलेलं असायचं. बहुतेक निळा ड्यूकर, माकडं आणि सायाळ. (धागाकर्त्यांनी राग मानू नये, तुम्हाला तिथे फार मागणी आहे.)

आधी मलाही शिसारी आली होती. पण जंगलातल्या गावात गुरं टिकत नाहीत, माशीमुळे होणारा रोग त्यांना खातो. कोंबड्या मोजक्या. मग प्रथिनं कुठून येणार? तिथला शिकारी नाकातून 'म्याँऽऽ' असा घोगरा आवाज काढतो, संकटात सापडलेल्या ड्यूकरसारखा, आणि ड्यूकर स्वतः चालत येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोनदा.

गावाने खाल्लं तर जंगलाला झेपेल कदाचित. बिघडतं ते लाकूड कंपन्यांचे रस्ते आत गेल्यावर. ट्रकवरून माल शहरात जायला लागला की गावाची भूक संपून शहराची हौस सुरू होते. निळा ड्यूकर चार-पाच किलोचा, जोडीने एकाच टापूत राहणारा, एका वेळी एकच पिल्लू देणारा. तो किती पुरणार?

शंकासुर

म्हणजे रस्ते करूच नयेत? आपल्याला हायवे आणि त्यांना जंगल, हे बरं आहे.

माजी_किन्शासा

तसं म्हटलेलं नाही. नौबाले-न्डोकी उद्यानाच्या शेजारी एका लाकूड कंपनीने करारच केला होता की त्यांच्या ट्रकवरून मांस जाणार नाही आणि कामगारांना दुसरं मांस स्वस्तात आणून देऊ. नाक्यावर तपासणी. रस्ता होता, पण त्याला फाटक होतं. एवढंच म्हणतोय.

चिपळूणचा_बाबल्या

खवले मांजराबद्दल कुणी बोललंच नाही? आमच्या कोकणात ते आहे म्हणून विचारतो. चिपळूणचं सह्याद्री निसर्ग मित्र त्याच्यावर बरंच काम करतं, गावोगाव बोर्ड लावलेत.

सायाळ

बाबल्या, बरं आठवण केलीस. आफ्रिकेत चार जाती. त्यातल्या तीन जंगलाच्या: पांढऱ्या पोटाचं, काळ्या पोटाचं लांब शेपटीचं, आणि महाकाय. पहिली दोन झाडावर चढणारी. आपल्याकडचं जमिनीवर बीळ करतं, तिकडची शेपटीने फांदी धरून मुंग्यांची घरटी फोडतात.

दुर्दैव मात्र एकच. आशियातली संपत आली तसा व्यापार आफ्रिकेकडे वळला. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूर बंदरात आठवडाभराच्या अंतराने दोन कंटेनर पकडले, नायजेरियाहून व्हिएतनामला निघालेले. एकात १२.९ टन खवले, दुसऱ्यात १२.७ टन. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव व्यापार कराराच्या २०१६ च्या जोहान्सबर्ग बैठकीत पूर्ण बंदीचा निर्णय झाला होता, त्यानंतरची ही गोष्ट. संकट आलं की हा प्राणी गुंडाळी करून बसतो. बिबट्यासमोर युक्ती चालते. माणूस मात्र चेंडू उचलून पोत्यात टाकतो.

चिपळूणचा_बाबल्या

१२ टन. बापरे. आमच्याकडे एक दिसला तरी आठवडाभर गप्पा चालतात.

हस्तिनापूर

हत्तीचं एका ओळीत उरकलंत, हा अन्याय आहे. माझा जीव की प्राण विषय.

२०२१ पर्यंत संकटातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत आफ्रिकी हत्ती एकच धरायचे. त्या वर्षी दोन वेगळे केले आणि वनहत्ती थेट 'अतिसंकटग्रस्त' गटात गेला. ३१ वर्षांत ८६ टक्क्यांहून जास्त घट. सध्या सर्वाधिक गॅबनमध्ये, सुमारे ९५ हजारांचा अंदाज. त्याच गॅबनच्या मिंकेबे भागात मात्र २००४ ते २०१४ या दहा वर्षांत पंचवीस हजारांवर हत्ती गेले. सरळ सुळ्यांचं हस्तिदंत घट्ट असतं, कोरीवकामाला बरं पडतं, म्हणून.

एवढं मोठं जनावर जंगलात दिसत नाही, मग मोजतात कसं? लीद मोजून. आणि दिसतं ते 'बाई'मध्ये. हसू नका, तिथल्या बाआका लोकांच्या भाषेत जंगलातल्या मोकळ्या दलदलीला बाई म्हणतात. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातली झांगा बाई सर्वात प्रसिद्ध. मातीतल्या क्षारांसाठी एकेका वेळी पन्नास-शंभर हत्ती जमतात, सोंडेने खड्डे करून तळाचं पाणी ओढतात. शेजारी सिटाटुंगा (दलदलीतला मृग), बोंगो, वनरेडे. अँड्रिया टुर्कालो ही अमेरिकन बाई (आपल्या अर्थाने बाई) १९९० पासून तिथे मचाणावर बसून होती, हजारो हत्ती कानाच्या फाटलेल्या कडांवरून ओळखायची. तिच्या नोंदींतून कळलं की वनहत्तीण सरासरी तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा विते आणि पुढे पाच-सहा वर्षांनी एकदा. शिकार पूर्ण थांबली तरी संख्या दुप्पट व्हायला साठेक वर्षं लागतील. २०१३ च्या मे महिन्यात देशातल्या गोंधळात बंदूकधारी त्याच बाईत घुसले आणि २६ हत्ती मारले.

फळांचा मुद्दा धागाकर्त्यांनी आणलाय तो इथे जोडतो. वनहत्ती हा फळखाऊ आहे. मोठ्या बिया तोच मैलोन्‌मैल वाहून नेतो, बाकी कुणाच्या घशातून उतरत नाहीत. आणि लोपेमध्ये १९८६ पासून झाडांची नोंद ठेवतात. २०१८ पर्यंत पिकलेलं फळ सापडण्याचं प्रमाण ८१ टक्क्यांनी घसरलं. पूर्वी दहा झाडांत एकावर फळ दिसायचं, आता पन्नासेक झाडांत एकावर. काही झाडांना फुलायला थंड रात्र लागते, १९ अंशांच्या खाली. रात्री गरम होत चालल्यात. कॅमेऱ्यातल्या हत्तींच्या बरगड्या दिसायला लागल्यात. या हत्तींना कुणी गोळी घातलेली नाही.

निळाई

हे शेवटचं माहीत नव्हतं. पावसाळी जंगलात भूक, कल्पनाच केली नव्हती.

रातकिडा

जड झालं वातावरण. हलकं करतो. हातोडतोंड्या वटवाघूळ माहीत आहे का? आफ्रिकेतलं सर्वात मोठं. नराचं थोबाड घोड्यासारखं आणि स्वरयंत्र एवढं मोठं की छातीची निम्म्याहून जास्त जागा त्यानेच व्यापलेली. रात्री नदीकाठच्या झाडांवर हे सगळे नर रांगेने लटकतात आणि पंख फडफडवत भोंगे वाजवतात. माद्या रांगेसमोरून उडत उडत सगळ्यांना ऐकून घेतात. शेवटी शेकडा सहा नरांच्या वाट्याला बहुतेक सगळ्या माद्या. बाकीचे नुसते रियाज करून घरी.

शंकासुर

विवाह मंडळाचा मेळावा आहे हा.

कंपालाकर

भोंग्यांवरून आठवलं, बविंडीच्या मुक्कामात रात्री झाडावरून कुणीतरी गळा दाबल्यासारखं किंचाळायला लागलं. आम्ही तिघं ताडकन उठून बसलो. सकाळी कळलं, झाडावरचा हायरॅक्स. सशाएवढं, शेपूट नसलेलं जनावर. आणि त्याचं जिवंत जवळचं नातं कुणाशी, तर हत्तीशी!

सायाळ

अपडेट. भाच्याने नवा चार्ट केला. सिंह गेला, त्याच्या जागी बिबट्या आला. वर कोलोबस माकडं, त्यांच्या खाली गळलेली फळं खायला आलेले ड्यूकर. (हे त्याला लगेच पटलं. ताडोबात वानरांखाली चितळं पाहिली होती.) झांगा बाईत हत्ती. नदीच्या उत्तरेला चिंपांझी, दक्षिणेला त्याचा भाऊबंद बोनोबो, कारण दोघांनाही पोहता येत नाही आणि काँगो नदी मध्ये आहे. आणि अगदी पुढे मोठ्ठा ओकापी, निळाईताईंच्या सांगण्यावरून जीभ बाहेर काढलेला.

दहापैकी सात मिळाले. शेरा असा आहे: "चित्र सुबक. झेब्र्याचे पट्टे अर्धवट राहिले आहेत, पूर्ण करावेत."

निळाई

स्क्लेटर १९०१!! भाच्याला माझ्याकडून तीन गुण.